पाठीमागची जागा

दाराची कडी मी बाहेरून लावली होती. ही गोष्ट मी पत्नीपासूनही लपवली.

सत्तरच्या दशकात भिवंडीच्या वेशीवरील एका लहानशा मनोरुग्णालयात मी परिचारक होतो. पुरुष विभागात माझ्या जोडीला एक वयाने मोठ्या परिचारिका असत. आम्ही त्यांना बाई म्हणत असू आणि त्या आम्हा पुरुष परिचारकांना ब्रदर म्हणत. विभागात दोघांनीच शिरायचे, अशी तिथली रीत होती. एकाने औषध द्यायचे आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीमागे उभे राहून इतर रुग्णांवर नजर ठेवायची. औषध देणाऱ्याने मागे वळून पाहण्याची गरजच नसे.

एका सकाळी बाई एकाला औषध पाजत असताना मागच्या खाटेवरचा एरवी अबोल असलेला एक रुग्ण, लूमवरचा म्हणजे यंत्रमागावरचा कामगार, उठला आणि त्याने त्यांचा अंबाडा धरला. मी हाताच्या अंतरावर होतो. मी बाहेर पळालो आणि कडी घातली. बाईंच्या हातातला पाण्याचा पितळी पेला त्याने हिसकावला असावा; आतून त्याचे घाव ऐकू येत होते. मदतनीस येईपर्यंत माझा हात कडीवरच होता.

त्या भीतीची मला आज लाज वाटत नाही. भीती सर्वांनाच वाटे. आम्ही ती एकमेकांना सांगत नसू, एवढेच. लाज वाटते ती नंतरच्या वाक्याची. बाईंनी रुग्णाकडे पाठ केली होती, असे मी डॉक्टरांना सांगितले. शब्द खरे होते. बाकीचे रुग्ण बाहेर पडू नयेत म्हणून दार बंद ठेवल्याबद्दल माझे कौतुक झाले आणि बाईंना निष्काळजीपणाची समज मिळाली.

बाईंच्या कपाळावरची जखम भरली. पण बाई आता भिंतीला पाठ लावूनच औषधे देऊ लागल्या. बाकीच्या खाटांकडे पुन्हा पुन्हा बघताना त्यांच्याकडून पाणी सांडे. एक म्हातारा रुग्ण हसत म्हणाला, "बाय, आदी तूच घे गोली." त्याही हसल्या. पुढे काही महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली.

काही वर्षांनी मी भिवंडीतच कामतघरला त्यांच्या चाळीत गेलो. शेजारच्या शेडमध्ये लूम धडधडत होते. बाई भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. मी माझ्या सवयीच्या हलक्या आवाजात बोलू लागलो. त्यांनी कानाकडे बोट दाखवले.

"मोठ्यानं बोला, ब्रदर. इथं हळू बोललेलं पोचत नाही."

बाहेर शेजारणी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उठून उभा राहिलो आणि त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"बाई, तुमच्या पाठीमागे मी होतो. मी पळालो, बाहेरून कडी लावली आणि दोष तुमच्यावर ढकलला. मला क्षमा करा."