खंडेनवमीचा हार आणि आमचा ग्रुप

सुनंदाआक्का, गुडघा काय म्हणतोय? जिना उतरताना अजून त्रास देतो का... मारुती, शुगर खाली आली का, की दसऱ्याच्या बासुंदीनं परत वर नेली? निपाणीच्या इराप्पाअण्णा, तुमचा खोकला बरा असू दे. तुमच्याबद्दल खाली लिहितोय, रागावू नका.

मी बरा आहे. पण दसरा झाल्यापासून पाय एका जागी ठरत नाही.

नव्या मंडळींसाठी सांगतो. शाळा लवकर सुटली, मग आग विझवायचे सिलिंडर भरता भरता हा धंदा शिकलो. आमच्या भागात हे काम करणारे आम्ही सगळे एकमेकांची गिऱ्हाइकं पळवण्यात पटाईत, पण काम सुधारायचं म्हटलं की मुके. म्हणून फोनवर ग्रुप काढला... चूक दिसली की फोटो टाकायचा, जागेचं नाव घ्यायचं नाही, मराठीत लिहा नाहीतर कन्नडमध्ये.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उद्यमबागेत एका फौंड्रीत गेलतो. खंडेनवमीला मशीनबरोबर सिलिंडरचीही पूजा केलेली, बघून बरं वाटलं. पण झेंडूच्या हाराची तार मुठीला आणि पिनेला घट्ट आवळलेली... पिन निघाल्याशिवाय सिलिंडर चालत नाही, आणि मी ओढली तर ती जागची हलेना. बरं, हा हार कुणी काढतही नाही. वाळला तरी पुढच्या खंडेनवमीपर्यंत तिथंच.

फोटो टाकला, खाली लिहिलं, 'हार नव्हे, फास.' शब्द जरा कडक गेला.

इराप्पाअण्णा निपाणीत तंबाखूच्या गोडाऊनची आगीची व्यवस्था बघतात. त्यांनी लिहिलं, 'आता देवाचं बी चुकतंय म्हण,' आणि ग्रुप सोडला. तिकडचे निम्मे लोक त्यांच्या शब्दावर चालणारे... तेही एकेक करून गेले. आणि वाळलेला तंबाखू म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

घरी मी सारखा फोन उघडतोय, मिटतोय. बायको म्हणाली, "उंटावरनं शेळ्या किती हाकताय? जावा की निपाणीला."

गेलो. अण्णांनी चहा पाजला, पण बोलताना तोंड दुसरीकडं. मीही वाद घातला नाही, शब्द चुकला म्हणालो. एवढंच विचारलं की पूजा केलेल्या सिलिंडरची पिन कुणाला तरी काढायला सांगता का...

त्यांनी तंबाखू निवडणाऱ्या कस्तुरीला हाक मारली. तिनं पिन ओढली. परत ओढली. मग आमच्याकडं बघून म्हणाली, "अण्णा, आधी हार सोडू का आग इजवू? मीच बांधलाय, लई घट्ट बसलाय."

निवडायला बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. अण्णा हसले नाहीत. उठले, पक्कड आणली, तार स्वतः तोडली. हार कपाळाला लावून सिलिंडरच्या पायाशी ठेवला.

"पायाशी ठेवलेलं बी देवाला पोचतंय," म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "पुढच्या खंडेनवमीला आरती झाली की एकेकाला पिन काढायला लावू. पिनेचं तुटलेलं सील तू लावून दे परत."

एवढ्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं... अण्णा, तुमचे उपकार.

संध्याकाळी अण्णा ग्रुपवर परत आले, मागोमाग बाकीचेही. अण्णांच्या युक्तीला सगळ्यांनी अंगठ्याचं चित्र टाकलं. पण मला अजून चैन नाही... खासबाग, शहापूर, उद्यमबाग, कुठं कुठं हे हार अजून आवळलेले असतील. अंगठ्यानं तार सुटत नाही, बाबांनो.

तेव्हा उद्या कामाला गेलात की आधी आपापल्या गिऱ्हाइकाकडचे सिलिंडर बघा. हार सोडा, पिन हलते का बघा, आणि दुपारच्या आत मला लिहा. 'सुटला' एवढंच लिहिलंत तरी चालेल... वाट बघतोय.