खुर्ची देणारा शेठ

मी लिहिलेल्या पथनाट्यातला शेठ हमालाला लाथ मारायचा. दुसरं काही त्याला येतच नव्हतं, आणि येऊ द्यायची माझी इच्छाही नव्हती.

गोष्ट खरी होती. वारासिवनीकडच्या एका राइस मिलमध्ये पोत्यांच्या थप्पीवरून पडून एका हमालाची कंबर मोडली. मिलनं सांगितलं, हा आमचा माणूसच नाही, हजेरीत नाव दाखवा. मी आधी पत्रकं काढली, मग नाटक लिहिलं. नाटकात मिलचं नाव घेतलं नाही, कारण त्याच मिलचा बॉयलर माझे बाबा सांभाळतात. नाव घेतलं नाही की कोणाला कळत नाही, असं मला खरोखर वाटत होतं.

शेठ व्हायचे मोठेबाबा, बाबांचे थोरले भाऊ. जन्मभर त्याच मिलमध्ये हमाली केली आणि गावच्या नाटकांत व्हिलन केला. बालाघाटला आमच्या वॉर्डातल्या विहाराच्या ओट्यावर तालीम चालायची, तिथं ते एकदा म्हणाले, "पोरी, शेठले हमालाची थोडी इज्जत करू दे."

"काहून? देवमानूस दाखवाचा काय त्याले?"

"लाथ मारनारा शेठ मी त नाही पाह्यला. तुह्या पत्रकात असन."

सगळे हसले. मी म्हटलं, शोषकाला दयाळू दाखवणं म्हणजे शोषकाचा प्रचार. मोठेबाबांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी वारासिवनीत प्रयोग लागला. समोर बरेचसे हमालच. जखमी हमाल झालेला आमच्या वॉर्डातला एक मिस्त्री जमिनीवर पडला, लाथेची जागा आली, आणि मोठेबाबा थांबले. त्यांनी बाजूची खुर्ची ओढली, गळ्यातल्या गमछ्यानं पुसली आणि हात धरून मिस्त्रीला उठवलं.

"बैठो काका. घर में सब ठीक? बिटिया पढ़ रही है ना? चाय मँगाऊँ?"

आत्तापर्यंत शिट्ट्या मारणारी माणसं एकदम गप्प झाली. पुढच्या रांगेतला एक म्हातारा हमाल उठून निघून गेला. मला वाटलं, नाटक पडलं.

संपल्यावर मी मोठेबाबांवर तुटून पडले. "शेठले हिरो करून टाकलं तुमी."

तेवढ्यात बाबा गर्दीतून आले.

"आमच्या ऑफिसात कोनी बसत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "उभ्यानं बोलाचं, उभ्यानं निंघाचं. शेठ ज्याले सोता खुर्ची देते, चहा पाजते, त्याले दुसऱ्या दिवशी गेटातून आत घेत नाही. हे आमच्याच मिलीत होते. मुनीम मोबाइलवर शूटिंग करून राह्यलाता."

मोठेबाबा गमछा घडी करत राहिले. ती एक खुर्ची देऊन त्यांनी मिलचं नाव सांगून टाकलं होतं. ते बाबांवर शेकेल, हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

सकाळी मुनीमचा फोन आला. शेठजींनी बोलावलंय, बिटियाला पण आणा.

बाबांच्या गाडीवर मागं बसून मी कामगार कायद्याची कलमं मनात म्हणत होते. मिलच्या गेटाशी पोचेस्तोवर एकही आठवेना. आईनं निघताना एवढंच विचारलं होतं, बाबांचा डबा भरू का नको.

शेठ लहानखुरा माणूस, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. आम्हाला बघून तो उठला. टेबलाला वळसा घालून आला आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मी बाबांच्या पायांकडे बघत होते. चपला दाराबाहेर काढल्या होत्या आणि पायांची बोटं आत वळली होती.

"बड़े भैया ने बढ़िया किया," शेठ माझ्याकडे बघून म्हणाला. "एकदम मैं ही लगा. मेरी घरवाली हँस-हँस के लोट गई."

हात खुर्चीवरच. मग त्यानं ती ओढून घेतली आणि स्वतः बसला.

"काका, आप खड़े ही ठीक हो. जाओ, बॉयलर देखो." आणि मला, "अगला कहाँ है, बिटिया?"

"कटंगी."

"अच्छा."

बाबांनी हात जोडले. माझेही जोडले गेले. लाथ मारली असती तर त्याच दिवशी पत्रक छापलं असतं. त्यानं बाबांना उभं राहू दिलं, आणि माझ्या पोटातून जे वर आलं ते चक्क आभार होते. अजूनही त्या आभारांचीच मला जास्त भीती वाटते. कंबर मोडलेला माणूस तिकडे घरी खाटेवर होता, आणि त्या ऑफिसात मी त्याचं नावही काढलं नाही.

कटंगीचा प्रयोग मी रद्द केला. विहाराच्या ओट्यावर सगळ्यांना सांगितलं, मोठेबाबांचा घसा बसलाय.

मोठेबाबा शेजारीच उभे होते, चांगले ठणठणीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि दोनदा खोकून दाखवलं.