डेल्फिया मावशीने अडवून धरलेलं गाणं

डेल्फिया मावशी कुणालाच आवडत नसे, आणि तिला तेच आवडत असे. स्टिलहाउस ओढ्याच्या पार वरच्या टोकाला तिचं घर. सरकारने तिथवरच्या रस्त्यावर खडी टाकली तेव्हा सगळ्या खोऱ्यात तक्रार करणारी ती एकटीच. म्हणे, आता कुणीही उठून येईल. येत कुणी नव्हतं, तो भाग वेगळा. तिने कुत्रं कधी पाळलं नाही. गरजच नव्हती.

मी रेट्टा, तिच्या धाकट्या बहिणीची, नोलाची मुलगी. मावशी आता नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं म्हणतात, पण मी बोलले तर तीच थडग्यातून उठून मला खोटारडी म्हणेल. तो तिचा लाडका शब्द. माझ्या आईला तिने तो भर दफनात ऐकवला होता, आजीच्या शवपेटीवर माती पडते न पडते तोच.

भांडण झालं ते एका गाण्यावरून. आमच्याकडे जमिनीवरून भांडतात, कुंपणावरून भांडतात, पण गाण्यावरून भांडलं की ते मिटत नाही. हे गाणं आमच्या घरातलं, आजीच्या पणजीने समुद्रापलीकडून, स्कॉटलंडातून आणलेलं. एक मुलगी नदीच्या काठावरून नावाड्याला हाका मारते. त्याचं तिच्या बापाशी वैर, म्हणून तो नाव आणत नाही. मग ती पाण्यात उतरते. पाणी घोट्याला लागतं, गुडघ्याला लागतं, कमरेला लागतं, आणि दर वेळी ती पुन्हा हाक मारते. शेवटी पाणी गळ्याशी येतं आणि गाणं थांबतं. आम्ही पोरं आजीला विचारायचो, पुढे काय झालं? आजी म्हणायची, मी काय तिथे उभी होते? नदीचं नाव डेरन. असल्या नावाची नदी आमच्या केंटकीच्या डोंगरांत कुठेच नाही, त्यामुळे ती कुणाच्या तरी डोक्यातून निघाली असणार असं आम्ही धरून चाललो होतो.

हे गाणं मावशीसारखं कुणी म्हणत नसे. हे मला कबूल करावं लागतं आणि करताना जीव जळतो. साथीला वाद्य नाही. डोळे मिटलेले, हात मांडीवर, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. ओळ संपताना आवाज जरासा वर उडवून सोडून द्यायची, थेट आजीसारखा.

मावशीने लग्न केलं ते नाचाच्या बैठकीत फिडल वाजवणाऱ्याशी. आजी चर्चची कट्टर, ती लग्नाला गेली नाही. मावशी तणतणत ओहायोला निघून गेली आणि मोटारींच्या कारखान्यात लागली. आजी शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा आईने निरोप धाडला. मावशीचं उत्तर आलं, तिला मी हवी असेन तर तिने स्वतः बोलवावं. आजीने बोलवलं नाही. दोघी एकाच मातीच्या. मावशी आली ती थेट दफनाला.

त्या दिवशी टेकडीवर आईने तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं की गाण्याला पुढची कडवी आहेत. आजीने ती मरायच्या आदल्या दिवशी आपल्याला दिली. मावशी म्हणाली, म्हणून दाखव. आई म्हणाली, ते जमायचं नाही, ही कडवी जाणाऱ्याने राहणाऱ्याला द्यायची असतात, मधेच नाही, असं आजीने बजावलंय. मग मावशीचा आवाज चढला. आई आजीच्या मरणाशी बसली, म्हणून आता मोठेपणा मिरवायला कडवी रचते, खोटारडी कुठली, हे सगळ्या गोताने ऐकलं. आमच्यात चोर म्हटलेलं चालेल. गाण्यात पदरचं घातलं म्हणणं ही शिवी आहे.

फिडलवाला पुढे कुणाबरोबर तरी पळाला. मावशी परत आली आणि ओढ्याच्या टोकाला राहिली. महिन्यातून एकदा चर्चमध्ये आई आणि ती समोरासमोर यायच्या. आमच्या चर्चमध्ये पेटी नाही की बाजा नाही. एक म्हातारा ओळ घालून देतो, बाकीचे ती लांबवत लांबवत उचलतात, आणि गाता गाताच उठून एकमेकांचे हात हातात घेत फिरतात. कुणाचं मन कुणाशी साफ नाही ते तिथे उघडं पडतं. आई हात पुढे करून जायची. मावशी दोन्ही हात कोटाच्या खिशात घालायची आणि गात राहायची. गाण्यात खंड नाही. दर महिन्याला आई तो हात तसाच मागे घ्यायची, आणि दर महिन्याला मला त्या बाईच्या झिंज्या उपटाव्याशा वाटायच्या. मी एकदा आईला म्हटलंही, म्हणून टाक ती कडवी एकदा तिच्या तोंडावर. आई म्हणाली, मला अजून तुझ्या पोरांची लग्नं बघायचीत.

मग आईची छाती भरायला लागली. डॉक्टरने फुप्फुसाचं सांगितलं. त्याच हिवाळ्याच्या तोंडावर शाळेच्या मोठ्या खोलीत गाणाऱ्यांचा मेळा भरला. मावशी दर वर्षी जायची, ऐकायला नव्हे, चुका पकडायला. त्या वर्षी स्कॉटलंडहून इशबेल नावाची एक बाई आली होती. पत्र्याची भांडी करत गावोगाव तंबू टाकणाऱ्या लोकांतली. तांबडं नाक, पायात पुरुषी बूट. मी मागच्या बाकावर होते, मावशी पुढे. बाईने डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले आणि सुरू केलं.

नावाड्याचंच गाणं. शब्द थोडे इकडेतिकडे, चाल तीच. ओळीच्या शेवटी आवाज तसाच वर उडवून सोडलेला. मावशीची पाठ ताठ झालेली मला मागून दिसत होती. पाणी घोट्याला, पाणी गुडघ्याला, पाणी कमरेला, आणि पाणी गळ्याशी आलं तिथे बाई थांबली आणि खाली बसली.

टाळ्या संपायच्या आत मावशी तिच्यासमोर जाऊन उभी होती. नाव नाही, गाव नाही, सरळ विचारलं, "संपलं?"

"मला येतं तेवढं संपलं," इशबेल म्हणाली.

"म्हणजे?"

"पुढचं माझ्या आईकडे आहे. म्हातारी अजून धडधाकट आहे. मागितलं की म्हणते, मला पोचवायची एवढी घाई झाली का तुला?" आणि ती खदखदून हसली. आई आता घर करून राहते आणि डेरन नदी त्या घरामागूनच वाहते, असंही तिने सांगितलं. शेजारी कुणीतरी ते ऐकून वा वा केलं. मावशीने केलं नाही. ती कोटाची बटणं लावत बाहेर पडली, आणि तिने ती चुकीच्या काजांत लावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाडी आमच्या दारात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, इथे तुझं काही काम नाही. ती म्हणाली, तुझ्याकडे नाहीच, बाजूला हो. आईने आतून हाक मारली म्हणून झाले.

आई उशांना टेकून बसली होती. मावशीने कोटसुद्धा काढला नाही.

"नोला, तू खोटारडी नाहीस," ती म्हणाली. "ते मला काल कळलं. बाकी तू जी आहेस ती आहेसच."

आई हसली, त्यातच तिला खोकला आला. मग मला म्हणाली, "रेट्टा, स्वयंपाकघरात जा. दार लावून घे."

"मी का जाऊ? तू मला देणार होतीस ते."

"जा म्हटलं ना."

तिला मी न्हाऊ घालत होते, तिची थुंकी मी पुसत होते, आणि जिने तिचा हात धरला नाही तिला आत ठेवून मला बाहेर काढलं. मी चुलीवर घेवड्याचं पातेलं आदळलं, नळ पूर्ण सोडला. मला एक अक्षर ऐकायचं नव्हतं. मावशी बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल होतं. माझ्याकडे न बघता निघून गेली. आई त्याच आठवड्यात गेली.

दफनाच्या वेळी टेकडीवर मावशीने गाणं म्हटलं. तिच्याइतकं चांगलं म्हणणारं दुसरं कुणी नव्हतंच. पाणी गळ्याशी आलं, आणि ती थांबली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. उतरताना मी तिला गाठून म्हटलं, निदान आज तरी आईसाठी पुढचं म्हणायचं होतंस.

"मी अजून मेले नाही," ती म्हणाली.

त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही. चर्चमध्ये ती माझ्यासमोर यायची, आता हात पुढे केलेला असायचा, आणि मी माझे हात खिशात घालायचे. बघू दे तिलाही कसं लागतं ते. लोक म्हणायचे, म्हातारी झाली, जाऊ दे. मी कशाला जाऊ देऊ? आईने मला टाकून तिला निवडलं होतं, आणि ते तिच्यामुळे. रागाने माझं पोट भरत होतं, दुसरं कुणी भरत नव्हतं.

गेल्या पानगळीत तिला डबा पोचवणाऱ्या बाईने निरोप आणला, डेल्फिया अंथरुणावर आहे, तुला बोलावतेय. मी म्हटलं, हवी असेन तर तिने स्वतः बोलवावं. माझा नवरा डॉर्सी मक्याची भाकरी ताकात कुस्करत होता. मान वर न करता म्हणाला, "अगदी डेल्फियाच बोलली."

हा घाव मला सोसवेना. मी गाडीची किल्ली उचलली.

ती गोधडीत एवढीशी झाली होती. जीभ मात्र शाबूत. म्हणाली, "आलीस? म्हटलं, माझ्या दफनालाच येतेस की काय, आमची रीत आहे तशी. खुर्ची ओढ. गुडघ्याला गुडघा लागला पाहिजे. गाणं लांबून देता येत नाही."

"मला नको तुझं गाणं," मी म्हटलं. "आईने मला दिलं नाही. तुझ्या हातून कशाला घेऊ?"



"तुझी आई काय म्हणाली ते सांगते," ती म्हणाली. "म्हणाली, डेल्फी, हे मी रेट्टाला दिलं तर तुझ्या म्हातारपणी तुला काळं कुत्रं विचारणार नाही. तू ठेव. म्हणजे कधी ना कधी तिला तुझ्या दारात यावं लागेल, नाहीतर तूही एकटी मरशील आणि तीही तुझ्यासारखी होईल." मग धाप लागली म्हणून थांबली. "माझी दया करणारी ती कोण? मी तिला तेव्हाच सांगितलं होतं, तुझी पोरगी माझ्याहून हट्टी आहे, यायची नाही."

मला रडू फुटलं. आईचा राग, तिचा राग, सगळं एकदम बाहेर आलं आणि आवरेना.

"रड मागाहून," मावशी म्हणाली. "आधी ऐक."

तिने डोळे मिटले. आवाज सुताएवढा उरला होता, पण ओळीच्या शेवटी तो वर उडाला आणि सुटला. पाणी गळ्याशी आलं आणि ती थांबली नाही. मग माझ्याकडून म्हणून घेतलं. दोनदा चुकले, दोनदा तिने नावं ठेवली, माझा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी आहे म्हणाली. तिसऱ्यांदा सगळं नीट उतरलं तेव्हा तिने गोधडीतून हात बाहेर काढला आणि पुढे केला. मी धरला. थंडगार होता, आणि तिने बोटं दुखेपर्यंत आवळला.

दोन दिवसांनी ती गेली. टेकडीवर गाणं मी म्हटलं. पाणी गळ्याशी आलं तिथे थांबले, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले, डॉर्सीसुद्धा. घरी येताना गाडीत त्याने विचारलंच, काय गं, पोचली का ती पोरगी पलीकडे?

मी त्याला सांगितलं, मी अजून मेले नाही.