बॉम्ब फुटल्यानंतरचं मांजर

शुक्रवारचं व्रत म्हणजे कहाणी, आरती आणि प्रसाद, असं मी समजत होते. पण कामशेतच्या आमच्या घरी पाचजणी जमतात, मागोमाग मुलं येतात, त्यांना गप्प बसवायला आतल्या खोलीत जुनी कार्टून लावावी लागतात, आणि मग व्रताच्या पुण्याबरोबर किस्सेही साठत जातात! देवीची कृपा, दुसरं काय!

*

पहिल्याच शुक्रवारी मी वाचलं, "राणीला दारिद्र्य आलं..." आणि आतून हास्याचा गडगडाट! कार्टूनमधल्या मांजरावर पियानो पडला होता.

शेजारच्या वहिनी गंभीरपणे म्हणाल्या, "राणीचं होईल नीट. मांजर वाचलं का बघा आधी!"

*

जवळच्या टाकवे गावच्या सोनाबाई मावशी आमच्याकडे दूध घालतात, व्रतालाही बसतात. एकदा मुलांना प्रसाद द्यायला आत गेल्या आणि तिथेच खिळल्या. टीव्हीवर काळीकुट्ट जंगली माणसं, केसांत हाडं खोवून, पाहुण्याला कढईत उकळत होती.

"कुनी काढलंय हे?" मावशी कडाडल्या. "त्यांच्या घरी कदी जेवला न्हाई वाटतं! पावणा आला तर मानसं कोंबडी शिजवत्यात, पावण्यालाच चुलीवर घालत्यात व्हय?"

*

मावशींची नात ओवी आठ वर्षांची, सावळी, गोड. एका शुक्रवारी ती आतून उठून माझ्याजवळ येऊन बसली.

"का गं, कार्टून संपलं?"

"नाही. बॉम्ब फुटला की मांजराचं तोंड काळं होतं. मग सगळे माझ्याकडे बघून हसतात." माझा पदर ओढत म्हणाली, "काकू, पुढच्या सीनमध्ये मांजर परत स्वच्छ होतं. मी कधी होणार?"

त्या बॉम्बला आजवर मीसुद्धा किती हसले होते!

*

उद्यापनाला मुलांनी त्याच कार्टूनचं नाटुकलं बसवलं. डायरेक्टर माझी लेक शर्वरी. तिने जाहीर केलं, "बॉम्बनंतरचं मांजर ओवी. मेकअप वाचेल!"

शरमेने मी शर्वरीवर ओरडणारच होते. पण देवीने मावशींना बुद्धी दिली, तिचे उपकार कसे फेडू!

"ओवी उंदीर हुनार," मावशी शांतपणे म्हणाल्या. "बॉम्ब तीच टाकनार. आन् बॉम्ब मी भरनार."

मावशींनी कागदी पिशवीत तांदळाचं पीठ ठासून भरलं. ओवीने दारात उभं राहून नेम धरला. पिशवी गेली थेट फुल स्पीडच्या पंख्यावर!

मांजर, डायरेक्टर, पाची सुवासिनी, सगळ्या पांढऱ्याफटक! दारातली ओवी तेवढी स्वच्छ, पोट धरधरून हसत होती.

तेवढ्यात आमचे हे घरी आले. आत डोकावून दचकलेच. "ओवी, यातली तुझी काकू कोणती गं?"

ओवीने एकेकीकडे नीट निरखून पाहिलं.

"काय माहीत, काका! मला तर सगळ्या सारख्याच दिसतात!"