पांढऱ्या साडीतली आई

चित्रात पांढरी साडी रंगवायला पांढरा रंग फारसा लागतच नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. पौर्णिमेला विहारात जाताना आई नेसायची, तीच साडी नेसायला लावून मी तिला पांढुर्ण्याच्या आमच्या घरी ओसरीत बसवलं होतं. शेजारी बहिणीनं सौंसरहून पाठवलेल्या संत्र्यांचा ढीग होता. त्यांची झाक निऱ्यांवर पडायची, आणि घड्यांच्या आत निळसर, राखाडी सावल्या. आठवडाभर ऑफिसात फायली उपसणारा मी त्या निऱ्यांत असा बुडायचो, की रविवार कधी संपला कळायचं नाही. चहावर साय धरायची.

आई बोलत असायची. तिचं माहेर तिगावचं. 'तिगाव' एवढा शब्द मधूनमधून कानावर पडायचा, बाकी सगळं वाऱ्यावर. मी आपला "हं, हं" करत राहायचो.

"आता हालू काय रे? पाठ आखडून राहिली."

"थांब ना वं माय, जराशीच."

ती पुन्हा नीट बसायची, पुन्हा बोलायला लागायची. असे पाच रविवार गेले. इतका सुखी मी आयुष्यात कधी नव्हतो, खोटं कशाला बोलू?

आई गेली त्याला दोन वर्षं झाली. येणारा-जाणारा भिंतीवरच्या चित्रातल्या साडीचं कौतुक करतो, आणि मी निर्लज्जासारखा फुगतो.

गेल्या महिन्यात बहीण आली. चित्राकडे बघत म्हणाली, "मी मायले तिच्या लहानपणाचं किती डाव विचारलं. तर म्हणे, तुह्या भावाले सगळं सांगतलं, त्यालेच विचार. सांग ना, काय काय सांगे?"

"ऐकलंच नाही वं बाई. चित्र काढून राहिलो होतो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती नुसती उठली, चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"इथं तं बोलूनच राहिली माय," ती हळूच म्हणाली.

खरंच. आईचे ओठ मी किंचित उघडे काढलेत. खालच्या ओठावरचा उजेडसुद्धा बरोबर साधलाय. त्या ओठांवर तेव्हा कुठला शब्द होता, तेवढा तरी मला हवा आहे.