ते नऊ दिवस तू ड्युटीवरच होतास

सही करायची नव्हतीस दादा. चूक तुझीच आहे.

वर्षभर हेच भांडतोय तुझ्याशी. बसमध्ये, जेवताना, कामावर. तू काही बोलत नाहीस, म्हणून आज इथे सगळ्यांसमोर लिहितो.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: तानाजीदादा, कराडकडचा. गुडगावात एका काचेच्या टॉवरमध्ये पंप ऑपरेटर. मी तिथेच हेल्पर, आठवी नापास. इकडे आलो तेव्हा हिंदी धड येत नव्हती. दादाने खोलीत जागा दिली, वहिनींनी ताट वाढलं.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं.

आमच्याकडे टॉवर तोच, पंप तोच, युनिफॉर्म तोच. फक्त ठेकेदार बदलायचा. जाणारा ठेकेदार सगळ्यांकडून राजीनामा लिहून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच कामावर हजर. राजीनामा दिला की पीएफ काढता यायचा. पोरं खूश. कुणाचा मोबाईल, कुणाच्या बहिणीचं लग्न.

तू एकटा काढायचा नाहीस.

"दहा वर्षं भरली की पेन्शन बसते रे."

"इथे कुणाची भरलीत दादा? दर ठेकेदाराला नवा पीएफ नंबर."

"आता नियम बदललाय. ठेकेदार कुणीही येऊ दे, नंबर एकच. वर्षं जोडली जातात."

तो नंबर तू पंप रूमच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला होतास. आणि पेन्शन कमीत कमी हजार रुपये मिळणार असा नियम आला, त्या दिवशी सगळ्यांना समोसे खाऊ घातलेस.

"हजारात काय येतं यार दादा?"

"काही येत नाही. पण दर महिन्याला येतं."

मी हसलो होतो.

मागच्या वर्षी परत ठेकेदार बदलला. या वेळी तू राजीनाम्यावर सहीच करेनास. "मी नोकरी सोडली नाही, तर सोडली असं का लिहू?"

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "सबके साइन एक साथ आएंगे, तभी किसी का पीएफ पास होगा."

मला बाईक घ्यायची होती.

तो कागद घेऊन पंप रूममध्ये मीच आलो होतो. तीन वेळा. तिसऱ्या वेळी म्हणालो, "तुझ्या पेन्शनपायी अकरा जणांचे पैसे अडकलेत. स्वतःला साहेब समजतोस का?"

तू पेन मागितलंस. सही केलीस. साक्षीदार म्हणून खाली मी केली.

वर म्हणालास, "बाईक हळू चालव."

नवा ठेकेदार आला. आमची नावं तो महिन्याने चढवणार होता. तोवर कागदावर आम्ही कुणाचेच नव्हतो. काम मात्र चालू.

नवव्या दिवशी टाकी भरून वाहायला लागली. चौदा मजल्यांच्या काचेवरून पाणी खाली येत होतं आणि लोक खाली उभे राहून व्हिडिओ काढत होते. दादा झोपला की काय, म्हणत मी शिव्या देत धावलो.

तू खुर्चीत होतास. डॉक्टर नंतर म्हणाले, हार्ट अटॅक.

मी आधी पंप बंद केला. मग तुला हात लावला.

वहिनींना घेऊन पीएफ ऑफिसला गेलो. खिडकीवरच्या मॅडम चांगल्या होत्या. "बेटा, दस साल पूरे नहीं हैं. नौकरी में रहते हुए जाते तो एक महीने का पैसा जमा होना भी काफी था, बीवी को पेंशन मिल जाती. पर इन्होंने तो नौ दिन पहले नौकरी छोड़ दी थी."

वहिनी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ह्यांनी नोकरी सोडली? मला बोलले नाहीत."

खोलीवर पोचलो. मग सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि बाहेर जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी विचारलं, "मग आता काय करणार आहेस?"

तू दर दोन तासांनी लॉगबुक लिहायचास. टाकी किती, पंप चालू की बंद, खाली सही. मी चिडवायचो, कोण वाचतं हे दादा.

मी वाचलं. नऊच्या नऊ दिवस आहेत त्यात. शेवटची ओळ: सकाळी दहा, टाकी अर्धी, पंप चालू.

एकेका पानाचा फोटो काढला आणि पीएफ ऑफिसला दिला.

जुन्या ठेकेदाराच्या माणसाने बोलावून घेतलं. "गवाह में तेरा ही साइन है. तू भी फँसेगा."

"हां, मेरा है. वो भी लिख के दे आया हूँ."

खरंच दिलंय. सही मी घेतली, माणूस शेवटपर्यंत कामावर होता, दोन्ही.

दुसऱ्या दिवशी गेटवर माझा पास चालला नाही. चलो, ठीक आहे. आता नोएडाच्या पलीकडे एका नव्या बिल्डिंगवर आहे. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे, ठेकेदाराला बोलावलंय. मी सुट्टी मागितलीय. नाही दिली तरी जाणार.

काल टॉवरवरच्या दोघा पोरांचे फोन आले. पोस्ट टाकू नकोस, पुढे कुठेच काम मिळणार नाही.

टाकली.

नियम चांगला होता दादा. तुला तोंडपाठ होता. तो तुझ्यापर्यंत येताना मध्ये ठेकेदार उभा होता आणि त्याच्या शेजारी मी.

खाली हात जोडलेले आणि फुलांचे फोटो टाकू नका. तुमच्याकडे कुणी असा कागद फिरवला तर सही करू नका. दादाला तेवढं पोचेल.

वहिनी, बाईक विकली. पैसे आज तुमच्या खात्यात टाकतोय. ही पेन्शन नाही. पेन्शन तुम्हाला दर महिन्याला येणार, ती मी आणणारच. हे त्या सहीचे आहेत.

अठ्ठावीस हजार पाचशे.