रिकामी जागा

५ डिसेंबर. एकटीपुरतं भरीत करायचं म्हणून जळगावच्या घराच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या. वांग्याची साल करपल्याचा वास सुटला आणि साक्रीजवळच्या आमच्या गावातला, साधना केंद्राच्या स्लॅबचा दिवस आठवला.

केंद्र लोकवर्गणीतून उभं राहत होतं. मजूर परवडत नव्हते, म्हणून गावच ओळीने काँक्रीटची घमेली पुढे देत होतं. माझे यजमान जाऊन महिना झाला होता. मी सगळ्यांपासून लांब, मागच्या चुलीवर जेवणासाठी वांगी भाजत बसले होते. शेजारची सखुअक्का आली.

"ऊठ वं माय, तठे ओळमा जागा रिकामी शे."

"अक्का, लोक काय म्हणतील?"

"लोकेसना हात घमेलामा शेतस. बोलाले कोन मोकळं शे?"

मी ओळीत उभी राहिले. सिमेंटने बोटं चुरचुरत होती, दोन्ही बाजूंनी घामेजलेले दंड घासत होते. महिन्याभरात पहिल्यांदा मला कुणाचा तरी स्पर्श होत होता.

तेव्हा वाटलं, माणसं कमी पडत होती. आता आठवतं, अक्काने बाजूच्या बाईला कोपराने सरकवलं होतं. जागा रिकामी नव्हतीच.

अक्का हल्ली धुळ्याला लेकीकडे अंथरुणावर असते. ६ डिसेंबर. सकाळी मी धुळ्याची पहिली एसटी धरली.